'वाक्यात उपयोग करा' हा अर्धा प्रश्न इंग्रजीत कुठे गेला?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत गेल्या काही महिन्यांपासून रोजच्या वापरातील इंग्रजीची एक चौकट प्रसिद्ध होते. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, वाक्प्रचार किंवा फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला अप, ऑफ, आऊट असा चिमुकला शब्द जोडून होणारे रूप) आणि उजव्या बाजूला त्याचा मराठी अर्थ, असे तिचे स्वरूप असते. ही चौकट मी न चुकता कापून ठेवतो, कारण डिचोली तालुक्यातील आमच्या गावात देवळाच्या सभामंडपात आठवड्यातून तीन संध्याकाळी मी मुलांना आणि काही मोठ्या माणसांनाही बोलण्याचे इंग्रजी शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. पुढे २७ वर्षे मी बार्देशच्या किनाऱ्यावरील एका हॉटेलात आधी टेलिफोन ऑपरेटर म्हणून आणि नंतर रिसेप्शनवर काम केले आणि नोकरी संपल्यावर हा उद्योग मागे लावून घेतला. चौकटीबद्दल आपले आभार मानायचे आहेत आणि एक तक्रारही करायची आहे. तक्रार थोडी सविस्तर आहे, तेव्हा नेहमीच्या पत्रापेक्षा जागा जास्त लागेल.

मागच्या महिन्यातील एका चौकटीत 'पुट' या एकाच क्रियापदाची चौदा रूपे एकाखाली एक दिली होती. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आऊट म्हणजे विझवणे, पुट ऑन म्हणजे घालणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे, आणि असेच पुढे. अर्थ एकही चुकलेला नव्हता. माझ्या वर्गातील आठवी-नववीच्या मुलांनी ती यादी दोन दिवसांत तोंडपाठ केली. तिसऱ्या दिवशी मी वाक्ये करायला सांगितली, तेव्हा एका मुलीने लिहिले की आईने आमटीत मीठ 'पुट ऑन' केले. आता यात तिचे काय चुकले? घालणे म्हणजे पुट ऑन, हे तर वर्तमानपत्रातच छापून आले होते. पण मराठीत आपण सदराही घालतो, आमटीत मीठही घालतो, वाद घालतो, शपथ घालतो आणि देवाला गाऱ्हाणेही घालतो. इंग्रजीतील पुट ऑन यांपैकी फक्त सदऱ्याच्या कामाचे आहे. 'टेक ऑफ म्हणजे काढणे' यावरून एकाने शाळेच्या सहलीत फोटो 'टेक ऑफ' केले. 'लुक आफ्टर म्हणजे काळजी घेणे' यावरून दुसऱ्याने धाकट्या बहिणीला रस्ता ओलांडताना 'लुक आफ्टर' करायला सांगितले. 'कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे' यावरून एका मुलाच्या मामाने रेल्वेचे तिकीट 'कॉल ऑफ' केले. वास्तविक कॉल ऑफ होतो तो ठरलेला सामना, ठरलेले लग्न, मोर्चा किंवा संप, तिकीट नव्हे. आणि संपाच्या बाबतीत तर मराठीतही आपण 'रद्द केला' म्हणत नाही, 'मागे घेतला' म्हणतो, म्हणजे उजव्या बाजूचा शब्द मराठीतसुद्धा तिथे बसत नाही.

मराठीच्या पेपरात एक प्रश्न आपण सर्वांनी सोडवलेला आहे: पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. नुसता अर्थ लिहिला की अर्धेच गुण पडत, आणि ज्याला उपयोग जमत नसे तो '"हात टेकणे" हा वाक्प्रचार गुरुजींनी फळ्यावर लिहिला' असले वाक्य ठोकून मोकळा होई. आमच्या गुरुजींनी अशा वाक्याला एकदा अर्धा गुण दिला होता आणि शेजारी लाल शाईने 'हुशार आहेस, पण वाक्प्रचार कळलेला नाही' असा शेरा मारला होता. मराठीसाठी जी कसोटी आपण पिढ्यान् पिढ्या लावत आलो, ती इंग्रजीकडे वळताच आपण का सोडतो, हे मला उमगत नाही. आपल्या चौकटीत प्रश्नाचा पहिला अर्धा भाग आहे, दुसरा नाही.

याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. नोकरीचा पहिलाच हंगाम होता. एक वयस्कर इंग्रज जोडपे उतरले होते. गृहस्थ सकाळी काउंटरवर येऊन शांतपणे म्हणाले की खोलीतील पंखा 'पॅक्ड अप' झाला आहे. पॅक अप म्हणजे सामान बांधणे, हे मला पाठ होते. पंख्याचे तेवढे मला नीट लागले नाही, पण पाहुणे निघालेले दिसतात असे समजून मी त्यांचे बिल काढायला घेतले आणि बेलबॉयला सामान आणायला वर पाठवले. तो वर गेला तेव्हा त्या बाई घामाने निथळत खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांच्या मुक्कामाचे अजून नऊ दिवस शिल्लक होते. इंग्रजांच्या बोलण्यात यंत्र 'पॅक अप' होते म्हणजे ते बंद पडते, राम म्हणते. ते दोघेही हसले, मॅनेजर मात्र हसला नाही. त्या दिवशी माझ्या लक्षात आले की ज्या शब्दांना अडेन म्हणून मी घाबरत होतो ते अवघड शब्द कुणी बोलतच नव्हते. मला अडवणारे शब्द होते पुट, गेट, टर्न, पॅक, अप, ऑफ आणि आऊट, आणि ते सगळे मला पाचवीपासून येत होते.

हे असे का होते, याला इतिहास आहे आणि तो मुलांना सांगितला तर त्यांना आवडतो. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर बराच काळ दरबाराची आणि न्यायाची भाषा फ्रेंच राहिली. विद्वानांची लॅटिन होतीच. स्वयंपाकघर, गोठा आणि शेत मात्र जुन्या इंग्रजीकडेच राहिले. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला पुष्कळदा दोन शब्द झाले, एक कचेरीतला आणि एक घरातला. पोस्टपोन कचेरीतला, पुट ऑफ घरातला. टॉलरेट आणि पुट अप विथ, एक्स्टिंग्विश आणि पुट आऊट, इन्व्हेस्टिगेट आणि लुक इनटू, या सगळ्या जोड्या तशाच. आपल्याकडे इंग्रजी आले ते कचेरीच्या दाराने, म्हणून 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' असा अर्ज आपला माणूस झोपेतही लिहील, पण नळ गळतो आहे हे प्लंबरला इंग्रजीत सांगायचे झाले की अडखळेल. गोव्यात याला आणखी एक पदर आहे. माझे एक काका पोर्तुगीज अमदानीत लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकलेले. मुक्तीनंतर त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला सुरुवात केली तेव्हा त्यांना अग्रलेख समजे आणि विनोदी चित्राखालची एक ओळ समजत नसे, कारण अग्रलेखातील टॉलरेट, एक्स्टिंग्विश, इन्व्हेस्टिगेट यांचे लॅटिन भाऊबंद त्यांना पोर्तुगीजमधून आधीच भेटलेले होते, आणि पुट अप विथचा कोणताही नातेवाईक त्यांच्या ओळखीचा नव्हता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हे फ्रेजल व्हर्ब प्रकरण मराठी मुलाला परके आहे, असे गृहीत धरूनच आपल्याकडे ते शिकवले जाते. मला नेमके उलटे वाटते. ज्या भाषेत खाऊन टाकतात, शोधून काढतात, लिहून ठेवतात आणि करून बसतात, त्या भाषेच्या मुलाला हे यंत्र जन्मापासून ठाऊक असते. 'खाऊन टाक' म्हणताना आपण काहीही टाकत नाही. टाकणे हे क्रियापद आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून 'पुरते कर, विषय संपव' एवढेच सांगायला येते. इंग्रजीत तेच काम पुष्कळदा 'अप' करते. ईट अप म्हणजे खाऊन टाक, ड्रिंक अप म्हणजे पिऊन टाक, टेअर अप म्हणजे फाडून टाक. विहीर ड्राय अप होते तेव्हा मात्र आपण टाकणे वापरत नाही, ती आटून जाते. म्हणजे इथे मराठीने दोन क्रियापदांत वाटलेले काम इंग्रजी एका 'अप'वर भागवते. कोंकणीत 'मारून उडयलो' म्हणतात तेव्हा तिथेही कुणी उडत नाही, आणि वर्गात हे उदाहरण निघाले की हशा ठरलेला. मग 'काढणे' घ्या. फाइंड आऊट म्हणजे शोधून काढणे, रिंग आऊट म्हणजे कपडा पिळून काढणे, ड्राइव्ह आऊट म्हणजे हाकलून काढणे, पिक आऊट म्हणजे निवडून काढणे. आतले बाहेर येते, हे 'आऊट'लाही माहीत आहे आणि 'काढणे'लाही. राइट डाऊन म्हणजे लिहून ठेवणे आणि टेक डाऊन म्हणजे समोरचा सांगतो ते लिहून घेणे, हा ठेवणे-घेणे यांतला फरक मराठी मुलाला कुणी शिकवावा लागत नाही.

'करून बसणे' याला इंग्रजीत जोडीदार सापडणार नाही असे मी बरीच वर्षे समजत होतो. एका संध्याकाळी समुद्रावरून आलेल्या एक बाई ओल्या केसांनी काउंटरवर आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, 'आय हॅव गॉन अँड लॉस्ट माय की.' त्या कुठे गेल्या होत्या याचा इथे काही संबंध नव्हता. हे 'गॉन अँड' म्हणजे आपले 'बसणे': मी चावी हरवून बसले. तोच पश्चात्ताप, तोच स्वतःवरचा राग, आणि क्रियापद तसेच आपला मूळ अर्थ विसरलेले. मी त्यांना दुसरी चावी देताना उगाचच खूश झालो होतो, आणि त्यांना त्याचे कारण कळण्यासारखे नव्हते. जाता जाता, ही 'चावी' आपण पोर्तुगिजांकडून घेतली, तशीच साबण, बटाटा, पगार आणि पाव. यातला एकही शब्द आपल्या पूर्वजांनी यादीतून पाठ केलेला नाही. वस्तू हातात आली आणि तिच्याबरोबर शब्दही आला.

जोड्या सगळीकडे जुळतात असा माझा दावा नाही. गिव्ह अप, टर्न डाऊन, मेक अप विथ समवन यांना मराठी क्रियापदाचा आधार देता येत नाही. तिथे प्रसंगच उभा करावा लागतो. यंदा चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले आणि फळ्यावर फक्त 'माटोळी' असा शब्द लिहिला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती फळाफुलांनी सजवलेली चौकट. माटोळी आपण बांधतो, इंग्रजीत ती पुट अप होते, कारण ती वर टांगायची असते. विसर्जनानंतर ती टेक डाऊन होते. मखर सेट अप होते. मुंबईचे काका आगाऊ फोन करतात आणि कम डाऊन टू गोवा असे म्हणतात, शेजारचे दर्शनाला ड्रॉप इन होतात, दूरची आत्या रात्री स्टे ओव्हर करते, आणि कुणी निरोप न धाडता थेट आरतीलाच टपकतो तो टर्न अप होतो. 'टर्न अप म्हणजे येणे' असे छापले तर ते अगदीच फिके. 'टपकणे' किंवा 'इतक्या दिवसांनी उगवलास होय' यातले उगवणे, हा त्याचा खरा मराठी चेहरा आहे. गणपतीला आपण सी ऑफ करतो का, असे एका चिमुरड्याने विचारले. मी हो म्हणालो. व्याकरणाची यात काही अडचण नाही. त्या एका संध्याकाळचे शब्द मुले आजही चुकत नाहीत, आणि चौदा 'पुट'ची यादी मात्र दोन आठवड्यांत विरून गेली.

माझ्या वर्गातील सर्वांत चांगला विद्यार्थी चाळिशीचा आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या भागातील खनिज वाहणारे शेकडो टिपर ट्रक दारात उभे राहिले, त्यातला एक त्याचा. काही वर्षे इकडेतिकडे काढून त्याने टुरिस्ट टॅक्सी घेतली आणि प्रवाशांशी बोलता येत नाही म्हणून तो माझ्याकडे आला. शाळा आठवीत सुटलेली. पहिल्या दिवशी तो म्हणाला, 'सर, मला इंग्रजी शून्य.' मी म्हटले, गाडी वाटेत बंद पडली तर गॅरेजवाल्याला काय सांगता? 'ब्रेकडाऊन झाली म्हणून.' खाणीवर माल भरायच्या जागी गाडी उलटी कशी लावायची? 'बॅक.' अशी सुरुवात झाली आणि पाऊण तासात फळा भरला: ब्रेक डाऊन, बॅक अप, स्लो डाऊन, पुल ओव्हर, फिल अप, डिझेल संपले की रन आऊट ऑफ, टायर गुळगुळीत झाला की वेअर आऊट. या शेवटच्या शब्दापाशी मी थांबलो आणि सांगितले की दमलेला माणूसही आपण वर्न आऊट आहोत असे म्हणतो. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, 'म्हणजे आमची आय जशी संसारासाठी झिजली, तशी.' मी दमलेला म्हणालो होतो, त्याने झिजलेला केले, आणि टायरपासून माणसापर्यंतची वाट मराठीत आधीच तयार होती. असा अर्थ मला कोणत्याही कोशातून देता आला नसता.

वाक्प्रचारांविषयी थोडेच लिहितो. यादी करणाऱ्यांना 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' याचे विलक्षण प्रेम असते आणि आपल्या चौकटीतही ते जूनमध्ये येऊन गेले. काउंटरवरच्या २७ वर्षांत मी ते पाहुण्यांच्या तोंडून एकदोनदा ऐकले असेन, तेही थट्टेत. पाऊस कोसळू लागला की ते साधेपणी 'इट्स पोअरिंग' म्हणत. आपणही 'आभाळ फाटले' असे दर पावसाला म्हणत नाही. उलट 'टर्न अ ब्लाइंड आय' हा रोजच्या बातमीत भेटणारा वाक्प्रचार, आणि त्याचा जुळा भाऊ आपल्याकडे आहे: कानाडोळा करणे. १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन याने आंधळ्या डोळ्याला दुर्बीण लावली आणि माघारीचा इशारा आपल्याला दिसतच नाही असे सांगितले, ही कथा या वाक्प्रचाराशी जोडली जाते. इंग्रजाने डोळ्यावर भागवले, आपण कानही त्यात ओढला. अशा जोड्या समोरासमोर ठेवल्या की दोन्ही भाषांची गंमत कळते. 'तोंड देणे' आणि 'फेस', 'बाजूला ठेवणे' आणि 'सेट असाइड' या जोड्या तर चित्रासकट एक आहेत, आणि 'पुढे ढकलणे' ही मराठीची स्वतःची फ्रेजल व्हर्बच म्हणावी लागेल. फरक एवढाच की बैठक आपण पुढे ढकलतो आणि इंग्रज ती दूर ठेवतो.

याच गोमंतकात १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री आला, साष्टीत राहिला आणि मराठी ओवीत त्याने रचलेले पुराण १६१६ साली छापले गेले. परक्या भाषेत ओवी रचण्याइतका कान तयार व्हायला लोकांत बसावे लागते. आपली मुले इंग्रजांत जाऊन बसू शकत नाहीत हे खरे. म्हणून तर प्रसंग त्यांच्यापर्यंत आणायला हवा.

उलटीकडूनही एक सावधगिरी आवश्यक आहे. मराठीतून शिकवा असे मी म्हणतो, त्याचा अर्थ मराठी वाक्याला इंग्रजी शब्द चिकटवा असा नाही. 'पंखा ऑन कर' यावरून 'ऑन द फॅन' हे आपल्याकडे घरोघर तयार होते आणि मुलाखतीतही तसेच बाहेर पडते. 'कोप अप विथ' हेही आपले घरचेच उत्पादन. त्यात 'अप' कुठून शिरला कोण जाणे, बहुधा पुट अप विथच्या संगतीने. 'पास आऊट' हा शब्द आपण पदवी घेऊन बाहेर पडणे या अर्थी सर्रास वापरतो आणि आपसात त्यात मला काही वावगे दिसत नाही, पण माझ्या एका तरुण सहकाऱ्याने इंग्रज पाहुण्याला 'आय पास्ड आऊट इन मडगाव' असे अभिमानाने सांगितले तेव्हा त्या गृहस्थांनी काळजीने विचारले होते की आता बरे वाटते का. त्यांच्या इंग्रजीत पास आऊट होणे म्हणजे शुद्ध हरपणे. असे दुहेरी शब्द चौकटीत अवश्य द्यावेत, 'चूक' असा शिक्का न मारता, आणि कुठे काय समजले जाईल एवढे सांगून.

उच्चाराचा मुद्दा छापील चौकटीत मांडणे कठीण आहे, तरी तो टाळता येत नाही. आपली मुले क्रियापद ठासून म्हणतात आणि शेवटचा चिमुकला शब्द गिळतात. इंग्रजीत बहुतेक वेळा नेमका त्याच शब्दावर जोर असतो: होल्ड ऑन, टर्न ऑफ, कम इन. टेलिफोन बोर्डावर बसलो असताना 'होल्ड' एवढेच ऐकू गेलेले पाहुणे फोन ठेवून देत, हे मी रोज पाहिले. शिवाय 'टर्न इट ऑफ' म्हणतात, 'टर्न ऑफ इट' म्हणत नाहीत, आणि 'लुक आफ्टर इट' मात्र कधी फुटत नाही. याचा नियम लांबलचक आहे. दोन वाक्ये शेजारी छापली तर मुले तो आपोआप उचलतात.

प्राथमिक शाळेचे माध्यम कोणते असावे या वादात मला शिरायचे नाही. २०११ साली त्या प्रश्नावरून गोव्यात जे रान पेटले ते आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि दोन्ही बाजूंची मुले आज माझ्या सभामंडपात शेजारी शेजारी बसतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही पुट अप विथ अडतोच, फक्त तो चेहऱ्यावर दिसू देत नाही. मात्र एका गोष्टीचा राग येतो. जवळच्या शहरात एका स्पोकन इंग्लिशच्या वर्गात मराठी किंवा कोंकणी शब्द तोंडून निघाला की पाच रुपये दंड घेत. माझी एक विद्यार्थिनी तिथे दोन महिने जात होती आणि त्या दोन महिन्यांत ती मुख्यतः गप्प बसायला शिकली. जिच्या आधाराने ती चढली असती ती शिडीच त्यांनी काढून घेतली आणि वर तिचे भाडेही लावले.

फ्रेजल व्हर्ब हे नावही तसे अलीकडचे आहे. १९२५ मध्ये लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या लेखनातून ते पुढे आले. म्हणजे इंग्रज शतकानुशतके हे शब्द वापरत होते आणि त्यांना नावाचीही गरज पडली नव्हती. परकीय विद्यार्थ्यांसाठी कोश रचणारे ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजीचे शिक्षक होते आणि त्यांच्या कोशाची पहिली आवृत्ती १९४२ साली तिथेच निघाली. क्रियापद वाक्यात कसे बसते, त्याच्यामागून काय येते, यावर त्या कोशाचा भर होता, कारण विद्यार्थी नेमका कुठे घसरतो हे वर्गात उभ्या असलेल्या माणसाला दिसत होते. खिशात मावणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशांत ही सोय नसते आणि दुर्दैवाने आपली चौकट त्यांच्याच वळणावर गेली आहे.

माझी विनंती अशी आहे की चौदांऐवजी चारच द्या. चारही एका जागेचे असू द्यात, एकदा बँकेचे, एकदा स्वयंपाकघराचे, एकदा इस्पितळाचे. प्रत्येकाला एक अख्खे इंग्रजी वाक्य आणि त्याच्यासमोर आपण घरात खरोखर बोलतो ते मराठी वाक्य द्यावे, शब्दशः भाषांतर नको. हा शब्द कुठे चालणार नाही, याची एक ओळ द्यावी. जमल्यास वाचक-विद्यार्थ्यांकडून वाक्ये मागवून, नाव न छापता, त्यातल्या दोन चुकलेल्या वाक्यांची दुरुस्ती पुढच्या आठवड्यात करावी. दुसऱ्याची चूक वाचायला मुलांना फार आवडते आणि ती लक्षातही राहते. असे काही नमुने मी तयार करून पाठवू शकेन. त्याचे मानधन नको, पुरवणीच्या दहा प्रती वर्गासाठी मिळाल्या तरी पुष्कळ झाले.

पहिला नमुना प्रवासाचा आहे आणि तो वर्गात वापरून झालेला आहे. मराठीत आपण बसमध्ये चढतो, टॅक्सीत बसतो, पायलटच्या (आमच्याकडे भाड्याने मोटरसायकल चालवणाऱ्याच्या) मागे बसतो, आणि सगळ्यांतून एकसारखे उतरतो. इंग्रजीत कदंब बसवर (गोव्याच्या सरकारी बसवर) गेट ऑन व्हायचे आणि गेट ऑफ, पायलटच्या मोटरसायकलवरही ऑन आणि ऑफ, टॅक्सीत मात्र गेट इन आणि गेट आऊट. जिथे पाय टाकून उभे राहता येते किंवा जिच्यावर टांग टाकून बसतात, तिथे ऑन; जिथे वाकून आत शिरून बसावे लागते, तिथे इन. हे सांगून झाल्यावर आमचे टॅक्सीवाले गृहस्थ मागून उठले आणि त्यांनी विचारले, 'सर, रायबंदरहून चोडणला जाताना मी टॅक्सीत बसलेला असतो आणि टॅक्सी फेरीबोटीत. मग मी इन की ऑन?' वर्ग पाच मिनिटे त्यावर भांडला. निकाल असा लागला की प्रवासी टॅक्सीच्या इन, टॅक्सी फेरीबोटीच्या ऑन, आणि धक्का आला की आधी टॅक्सी गेट ऑफ होणार, मग घराशी पोचल्यावर प्रवासी गेट आऊट.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
डिचोली, गोवा